सरासरी न मानणारे पोलाद

वाशीम जिल्ह्यातले कामरगाव असो, कारंजा असो की खुद्द वाशीम, भांड्यांच्या दुकानात स्टीलची पारख करण्याची एक रीत सगळीकडे सारखीच आहे. खिशातले चुंबक काढायचे आणि वाटीला लावायचे. चिकटले तर स्टील हलके, नाही चिकटले तर अस्सल. या पारखेत थोडे तथ्य आहे, कारण निकेल असलेले ‘अठरा-आठ’ जातीचे स्टील चुंबकाला सहसा दाद देत नाही. पण त्याच अस्सल वाटीच्या सपाट तळाला चुंबक लावून पाहावे आणि मग जिथे पत्रा दाबून वळवलेला आहे त्या कोपऱ्याला किंवा दुमडलेल्या काठाला लावून पाहावे. पुष्कळदा तळाशी काहीच जाणवत नाही, पण काठाशी चुंबक किंचित ओढले जाते. पत्रा एकच आणि त्यातले क्रोमियम-निकेलही तेच. मग फरक आला कुठून? भांडे घडवताना जिथे पत्रा जास्त ताणला गेला तिथे त्यातल्या काही अणूंची मांडणीच बदलली आणि नवी मांडणी चुंबकाला ओढली जाणारी निघाली. म्हणजे पोलादात काय काय मिसळले आहे एवढ्यावरून त्याची ओळख पुरी होत नाही. त्यातले अणू कसे रचलेले आहेत आणि ताण पडल्यावर ती रचना कशी वागते, हे कळल्याशिवाय पोलाद कळत नाही. माझे म्हणणे याच्याही एक पाऊल पुढचे आहे. पोलादाच्या ताकदीचा जो एक आकडा आपण मानतो, तो आतल्या फार विषम वाटणीचा निव्वळ गोळाबेरीज हिशेब असतो. ही गोष्ट सर्वांत स्वच्छ दिसते ती डुप्लेक्स, म्हणजे अणूंच्या दोन रचनांच्या (प्रावस्थांच्या), स्टेनलेस स्टीलमध्ये.

लोखंडाचे अणू घन अवस्थेत मुख्यतः दोन प्रकारे रचले जातात. एका रचनेत घनाकृती चौकटीच्या आठ कोपऱ्यांवर आणि मधोमध एक अणू असतो. तिला फेराइट म्हणतात आणि ती चुंबकाला चिकटते. दुसऱ्या रचनेत कोपऱ्यांवर आणि चौकटीच्या प्रत्येक बाजूच्या मध्यावर अणू असतो. ते ऑस्टेनाइट, आणि त्याला चुंबक ओढत नाही. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम फेराइटला पोसतात, तर निकेल, मँगनीज आणि नायट्रोजन ऑस्टेनाइटला. हे प्रमाण असे जुळवले की दोन्ही रचना जवळजवळ निम्म्या-निम्म्या राहतील, तर डुप्लेक्स स्टील तयार होते. स्वीडनमधल्या आवेस्टा इथे १९३० मध्ये ते पहिल्यांदा मुद्दाम बनवले गेले. कागदाच्या कारखान्यांत सल्फाइटच्या द्रावात साधे स्टेनलेस त्यातल्या कणांच्या, म्हणजे सूक्ष्म स्फटिकांच्या, कडेकडेने खाल्ले जायचे, त्यावर हा उपाय होता. फ्रान्समध्ये १९३३ मध्ये तर ते चुकून हाती लागले. ओतकामात क्रोमियम जरा जास्त पडले, फेराइट वाढले आणि तेच पोलाद गंजाला जास्त दाद देईनासे झाले. पुढे १९७० च्या दशकात भट्टीत नायट्रोजनचे प्रमाण नेमके राखता येऊ लागले आणि आजचे सर्वाधिक वापरले जाणारे डुप्लेक्स, २२०५, आकाराला आले. त्यात सुमारे २२ टक्के क्रोमियम, ५ टक्के निकेल, ३ टक्के मॉलिब्डेनम आणि ०.१७ टक्क्यांच्या आसपास नायट्रोजन असतो. पॉलिश करून आम्लाने खरवडलेला त्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर फेराइटच्या पसरलेल्या भुईत ऑस्टेनाइटचे लांबट पट्टे विखुरलेले दिसतात. हे पट्टे बहुधा काही मायक्रॉन ते काही दहा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद असतात.

आता या तुकड्याला ओढले की काय होते ते पाहू. धातू वाकतो तेव्हा अणूंचे सगळे थर एकदम एकमेकांवरून सरकत नाहीत. तसे सरकायचे झाले असते तर लोखंड आहे त्याच्या कितीतरी पट बळकट ठरले असते. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे या कोड्याचे उत्तर दिले. स्फटिकात अणूंची एखादी रांग मध्येच तुटलेली असते. या दोषाला डिस्लोकेशन म्हणतात. ताण आला की हा दोष एकेक पाऊल पुढे सरकतो आणि तो आरपार गेला की थर एका अणूएवढा घसरलेला असतो. अशा असंख्य घसरणींची बेरीज म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसणारा वाकलेला पत्रा. ऑस्टेनाइटमध्ये घसरणीचे १२ ठराविक मार्ग आहेत आणि तिथले दोष आपापल्या पातळीला (अणूंच्या प्रतलाला) धरून शिस्तीत सरकतात. पातळी बदलणे त्यांना अवघड जाते, म्हणून ते रांगा लावून साचत जातात. फेराइटमध्ये पातळ्या अनेक आहेत आणि सगळे मेळ मोजले तर मार्ग ४८ पर्यंत जातात. तिथले दोष अडथळा आला की वाट बदलतात, एकमेकांत गुंततात आणि कणाच्या आत लहान लहान कप्पे पाडतात. मात्र मार्ग जास्त म्हणून फेराइट मऊ असे समजू नये. त्याच्या जाळीत दोष सरकायला मुळातच जास्त जोर लागतो आणि थंडी वाढली की तो जोर झपाट्याने वाढतो. म्हणूनच फार थंड जागी फेराइट ठिसूळ होते आणि ऑस्टेनाइट तसेच चिवट राहते.

असे दोन स्वभाव एकाच पत्र्यात असतील तर ओझे कोण किती उचलते? जुवाला जुंपलेल्या विजोड बैलांची ही गोष्ट आहे. दोघांना पाऊल बरोबरच टाकावे लागते, म्हणून जो जास्त ताठ तो जास्त ओढतो आणि त्याच्या मानेवर जास्त ताण येतो. पोलादात मात्र एक गोष्ट वेगळी घडते: जो आधी नमतो तो नमता नमताच कठीण होत जातो आणि थोड्या वेळाने ओझ्यातला आपला वाटा वाढवतो. शिवाय गाडी चालू होण्याआधीच जू वाकडे असते. भट्टीतून निघालेले पोलाद थंड होताना ऑस्टेनाइट फेराइटपेक्षा जास्त आकुंचते. दोघे एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे त्याला हवे तेवढे आकसता येत नाही. परिणामी काहीही भार नसताना ऑस्टेनाइट ताणलेले आणि फेराइट दाबलेले राहते. स्वीडनच्या संशोधकांनी १९९९ मध्ये २३०४ जातीच्या डुप्लेक्स पत्र्याला यंत्रात ओढत असतानाच क्ष-किरणांनी त्याच्या अणूंमधली अंतरे मोजली. भार शून्य असताना रोलिंगच्या दिशेने ऑस्टेनाइटमध्ये ६० मेगापास्कलचा (मेगापास्कल हे ताणाचे माप) अंतर्गत ताण होताच. बाहेरचा भार ५३० मेगापास्कलवर गेला तेव्हा हा अंतर्गत ताण ११० झाला आणि ६२० ला तो उतरून ९० वर आला. या तीन आकड्यांत फार मोठी गोष्ट आहे. पत्रा बाहेरून लवचीकपणे वागत होता, सोडला तर मूळ आकारात आला असता, तेव्हाच आतली विषमता वाढत चालली होती. पत्रा कायमचा लांबू लागला तेव्हा ती जरा कमी झाली, कारण ज्याच्यावर जास्त ओझे होते तो नमला आणि त्याने ते शेजाऱ्यावर टाकले. भार काढून घेतल्यावर हा अंतर्गत ताण पुन्हा सुमारे ३५ मेगापास्कलने वाढला. आणखी महत्त्वाचे म्हणजे अडीच टक्के कायमचे लांबल्यावरही या अंतर्गत ताणाचा मोठा हिस्सा भट्टीतून थंड होतानाचाच होता. पोलाद आपला जन्म इतक्या सहजी विसरत नाही.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. दोन वस्तूंचे मिश्रण आहे, तर त्यांच्या प्रमाणात सरासरी काढावी. एवढा खोल विचार कशाला? तर मग ती सरासरीच काढून पाहू. केवळ ऑस्टेनाइट असलेल्या ३०४ जातीच्या स्टीलला कायमचे वाकवायला प्रमाणकानुसार किमान २०५ मेगापास्कल ताण लागतो. केवळ फेराइट असलेल्या ४३० जातीलाही किमान तेवढाच. निम्मे-निम्मे मिसळले तर उत्तर २०५ च यायला हवे. प्रत्यक्षात २२०५ जातीची किमान मर्यादा ४५० मेगापास्कल आहे. म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर सुमारे ४५ किलो वजन टांगले तरी पत्रा कायमचा लांबता कामा नये. कोणी म्हणेल, ही तुलना सरळ नाही, २२०५ मध्ये नायट्रोजन आणि मॉलिब्डेनम आहेत, ते ३०४ मध्ये नाहीत. हा मुद्दा खरा आहे आणि या ताकदीचा एक भाग निश्चितच त्या मिश्रणाचा आहे. पण ते मिश्रण काम कसे करते ते पाहिले की पुन्हा दोन प्रावस्थांपाशीच यावे लागते. नायट्रोजनला फेराइटमध्ये जवळजवळ जागाच नाही. तो ऑस्टेनाइटमध्ये गोळा होतो आणि त्याला कठीण करतो. क्रोमियम-मॉलिब्डेनम फेराइटकडे झुकतात. शिवाय उष्णतेत दोन्ही रचना एकमेकींची वाढ अडवून धरतात, म्हणून कण बारीक राहतात. बारीक कणांचा धातू बळकट असतो हे हॉल आणि पेच यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिले होते. दोघांतले मऊ कोण आणि कठीण कोण, हेही कायमचे ठरलेले नसते. नायट्रोजन कमी असेल तर ऑस्टेनाइट आधी नमते, पुरेसा असेल तर पारडे फिरू शकते. ज्या गणितात घटकांचे गुण शेजाऱ्यावर अवलंबून बदलतात, तिथे सरासरीचा नियम लावणे म्हणजे मूळ प्रश्नच टाळणे होय.

खरी गंमत दोन कणांच्या सीमेवर असते. ऑस्टेनाइटमधून सरकत आलेली दोषांची रांग सीमेशी पोचली की तिला पलीकडे फेराइटमध्ये वाट मिळते का, यावर पुढचे सगळे ठरते. कुर्ड्युमोव्ह आणि झाक्स यांनी १९३० मध्ये दाखवले की या दोन रचनांमध्ये एक खास नाते असू शकते. ऑस्टेनाइटचे सर्वांत दाट अणूंचे प्रतल फेराइटच्या दाट प्रतलाला समांतर आणि त्या प्रतलांतली एकेक दिशाही समांतर. जिथे हे नाते जुळते तिथे घसरण सीमा ओलांडून पलीकडे जाऊ शकते आणि ताण वाटला जातो. जिथे जुळत नाही तिथे दोष सीमेशी कोंडतात, तेवढ्याच जागी ताण चढत जातो आणि पत्रा पुन्हा पुन्हा ओढला-सोडला गेला तर सूक्ष्म भेगेचा जन्म बहुधा अशाच ठिकाणी होतो. या कोंडलेल्या दोषांचा उलटा दाबही असतो. म्हणून एका दिशेने ओढलेला पत्रा नंतर विरुद्ध दिशेने दाबला तर तो आधीपेक्षा कमी जोरात नमतो. १९ व्या शतकात म्युनिकच्या योहान बाउशिंगर यांनी लोखंडात हे पाहिले होते. त्यामागची कणाकणांतली ओढाताण मात्र फार उशिरा दिसली.

ही ओढाताण पाहण्याचे काम विदर्भातही झाले आहे, आणि त्याची माहिती आपल्याकडे असायला हवी. कामरगावहून सुमारे दोनशे किलोमीटरवर असलेल्या नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील धातुशास्त्रज्ञांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सहकाऱ्यांबरोबर २२०५ आणि त्याहून उंची अशा ३२७६० या दोन डुप्लेक्स स्टीलवर काम करून २०१७ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांनी दोन्ही पत्रे गरम न करता रोलखाली दाबत दाबत त्यांची जाडी ८० टक्क्यांनी कमी केली. प्रत्येक टप्प्यावर तुकडा काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. इलेक्ट्रॉनचा झोत तिरक्या धरलेल्या नमुन्यावर पडला की परतणारे इलेक्ट्रॉन पडद्यावर पट्ट्यांची नक्षी उमटवतात. त्या नक्षीवरून तो ठिपका फेराइटचा की ऑस्टेनाइटचा आणि त्यातला स्फटिक कोणत्या दिशेने तोंड करून आहे, हे कळते. असे लाखो ठिपके जुळले की पोलादाच्या आतला नकाशाच तयार होतो. दाब वाढत गेला तसे पट्टे लांबत गेले, पातळ होत गेले आणि एकमेकांच्या जवळ आले. दोन्ही रचनांमधले स्फटिक वळत वळत आपापल्या ठराविक दिशांना लागले, फेराइट आपल्या रीतीने आणि ऑस्टेनाइट आपल्या. त्याबरोबर ऑस्टेनाइटचा काही भाग ताणाखाली मार्टेन्साइट या कठीण, चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या रचनेत बदलला. हा बदल त्यांनी चुंबकीय मोजणीनेच पकडला. तो २२०५ मध्ये जास्त आणि ३२७६० मध्ये कमी निघाला, कारण जास्त मिश्रधातू असलेले ऑस्टेनाइट आपली रचना सहज सोडत नाही. वाटीच्या काठाशी चुंबक ओढते तेव्हा जे झालेले असते तेच इथे मोजून दाखवले आहे. आणि डुप्लेक्समध्ये निम्मे फेराइट असल्याने चुंबक त्याला पहिल्यापासूनच घट्ट चिकटते. दुकानातली पारख इथे लावली तर ३०४ पेक्षा दुपटीहून बळकट पोलाद हलके ठरेल!

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो, आणि तो मोलाचा आहे. सूक्ष्मदर्शक आणि क्ष-किरण पोलादाच्या पृष्ठभागाचा फक्त काही मायक्रॉनचा थर पाहतात. पृष्ठभागावरच्या कणाला वरून कोणी दाबत नाही, तो मोकळा असतो. आतला कण चारी बाजूंनी जखडलेला असतो. मग वरचे पाहून आतले कसे सांगायचे? उत्तर आहे न्यूट्रॉन. विद्युतभार नसल्याने ते पोलादात कित्येक सेंटिमीटर आत शिरतात आणि तिथल्या अणूंच्या अंतरांची मापे बाहेर आणतात. यासाठी अणुभट्टी किंवा मोठा प्रवेगक लागतो. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली १९८५ मध्ये सुरू झालेली ध्रुव अणुभट्टी असे न्यूट्रॉन झोत पुरवते. जगभरात डुप्लेक्स स्टीलवर न्यूट्रॉनने झालेल्या मापनांतही तेच मूळ चित्र मिळाले: भाराआधीचा अंतर्गत ताण, दोन रचनांमधली असमान वाटणी आणि एक नमला की दुसऱ्याकडे सरकणारे ओझे. आकडे नमुन्यागणिक बदलतात, पण विषमता आतही तितकीच खरी आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. अभियंत्याला पाइप बसवायचा असतो. त्याला प्रमाणपत्रावरचा ताकदीचा एक आकडा पुरतो; कण आणि सीमा प्रयोगशाळेला लखलाभ. या आक्षेपाला समुद्राने उत्तर दिले आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांच्या पश्चिमेला असलेल्या फॉइनाव्हेन तेलक्षेत्रात १९९० च्या दशकात समुद्रतळावरचे सुपरडुप्लेक्सचे, म्हणजे जास्त मिश्रधातू असलेल्या डुप्लेक्सचे, जाड जोड तडकले. समुद्रात पोलाद गंजू नये म्हणून त्याला विद्युत संरक्षण देतात. त्या प्रक्रियेत पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो आणि तो फेराइटमध्ये भराभर शिरून त्याला ठिसूळ करतो. ऑस्टेनाइटचे पट्टे दाट आणि बारीक असतील तर फेराइटमधून धावणारी भेग पावलोपावली अडते. जाड ओतीव-घडीव भागांत पट्टे दूर दूर पडतात आणि भेगेला रान मोकळे मिळते. प्रमाणपत्रावरची ताकद दोन्हीकडे सारखीच असू शकते. यातून धडा घेऊन नॉर्वेच्या डीएनव्ही संस्थेने २००८ मध्ये मार्गदर्शक नियम काढले. त्यांत ऑस्टेनाइटच्या पट्ट्यांमधले अंतर मोजायला सांगितले आहे आणि ते ३० मायक्रॉनपेक्षा कमी असेल तरच रचना बारीक धरली जाते. खोल समुद्रातला पाइप किती ताण घेऊ शकतो, हे केसाच्या जाडीहून लहान अंतरावर ठरवावे लागते. सूक्ष्म पातळीवरच्या विषमतेला व्यवहारात जागा द्यावी लागते, याला यापेक्षा ठोस पुरावा मला माहीत नाही. मुंबई हायसारखी तेलक्षेत्रे ज्याच्या किनाऱ्यासमोर आहेत त्या राज्यात तरी हा विषय परका म्हणून सोडून देता येणार नाही.

तरीही कापूस-सोयाबीन-तुरीच्या कारंजा तालुक्यात राहणाऱ्याने विचारावे, यात आमचे काय? तालुक्याच्या उत्तरेला मूर्तिजापूर आणि त्यापलीकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतली कितीतरी गावे खाऱ्या भूजलावर वर्षे काढत आली आहेत. मीठ, उष्णता आणि ताण या तिघांची गाठ पडली की ३०४ जातीच्या स्टीलला भेगा पडू शकतात. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर हा धोका वाढतो, म्हणजे गरम पाण्याच्या टाक्या आणि पाणी तापवून क्षार काढणारी यंत्रे थेट त्याच्या टप्प्यात येतात. डुप्लेक्स इथे फार चांगले टिकते, कारण ऑस्टेनाइटमधली भेग फेराइटशी येऊन अडखळते. समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या संयंत्रांत आणि गरम पाण्याच्या टाक्यांत जगभर ते वापरले जाते. शिवाय त्यात निकेल कमी लागते आणि बळकट असल्याने पत्रा पातळ चालतो. मग घरोघरची भांडी त्याची का करत नाहीत? कारण जी विषमता त्याला बळ देते तीच त्याला घडवताना आडवी येते. ३०४ तुटण्याआधी किमान ४० टक्के लांबते, २२०५ ची हमी २५ टक्क्यांची. साचा काढला की डुप्लेक्सचा पत्रा हट्टाने मागे उलटतो आणि दाबायला जास्त जोर लागतो. भट्टीतही तो नाजूक आहे. जोडकामात किंवा तापवण्यात ७०० ते ९५० अंशांच्या टप्प्यात रेंगाळला तर सिग्मा नावाची ठिसूळ रचना उगवते आणि ४७५ अंशांच्या आसपास बराच काळ राहिला तर फेराइट कडक होऊन तडकण्याजोगे होते. साधारण ३०० अंशांच्या वर त्याला कायमचे काम देऊ नये, ते याच कारणाने. डुप्लेक्स सर्वगुणसंपन्न आहे असे माझे म्हणणे नाही. त्याचे गुण आणि दोष एकाच ठिकाणी उगम पावतात, एवढेच मी म्हणतो.

म्हणून एक आग्रहाचे सांगणे. खारपाणपट्ट्यातल्या पाणीयोजनांसाठी किंवा विदर्भातल्या कुठल्याही कारखान्यासाठी डुप्लेक्सचे पाइप, टाक्या, पंप घेतले जातील तेव्हा खरेदीच्या कागदात ताकदीच्या आकड्यावर समाधान मानू नका. फेराइटचे प्रमाण किती, कणांच्या रचनेचा सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो कसा आहे आणि ठिसूळ रचनांसाठीची एएसटीएम ए९२३ चाचणी झाली आहे का, या तीन गोष्टी पुरवठादाराकडून लेखी मागा, आणि जोडकाम झाल्यावर सांध्यांसाठी पुन्हा मागा.